ओळ कुठे तोडायची

३ फेब्रुवारी, सोमवार

चौदा महिन्यांनी वही उघडली. आई गेल्यापासून लिहिलं नव्हतं, कारण लिहिण्यासारखं काही घडत नव्हतं. आजही फारसं घडलेलं नाही, पण नवं काम आलंय आणि ते कोणाला तरी सांगावंसं वाटतंय. भिंतीला सांगून झालं.

आमची कंपनी रुग्णालयांसाठी माहितीपत्रकं दाखवणारं सॉफ्टवेअर करते. घरी सोडलेल्या पेशंटला फोनवर वाचता यावं म्हणून: कोणती गोळी कधी, काय खायचं नाही, काय झालं तर धावत परत यायचं. चौदा भाषांत. तेरा भाषा शहाण्यासारख्या वागतात. चौदावी थाई. थाईत शब्दांच्या मध्ये जागा सोडतच नाहीत. समजा मी असं लिहिलं: आजसकाळीउठलेचहाकेलापणप्यायलेनाही. माणसाला थोड्या कष्टाने कळेल. कॉम्प्युटरला ओळ कुठे संपवायची ते कळणार नाही. तो 'प्या' वर ठेवेल, 'यले' खाली ढकलेल आणि काहीच न झाल्यासारखा बसेल.

आजवर हे हाताने व्हायचं. एक म्हातारे तपासनीस आहेत, दुसऱ्या गावात, जन्माने थाई. अकरा वर्षं तेच प्रत्येक पत्रक नीट लावून देतात. आता ते प्रोग्रॅमने करायचं. आमचा साहेब माझ्याहून एकोणीस वर्षांनी लहान आहे आणि सकाळचा नाश्ता कसा झाला तेसुद्धा टक्क्यांत सांगतो, म्हणून मी त्याला मनात टक्केसाहेब म्हणते. तो म्हणाला, "मॅडम, शब्दकोश घाला. शंभरातल्या अठ्ठ्याण्णव ओळी बरोबर आल्या की झालं. मग एप्रिलपासून त्या तपासनीसांना मोकळं करू."

"मला थाईचं एक अक्षर येत नाही," मी म्हटलं.

"उलट बरंय. भावनेत अडकणार नाही तुम्ही."

५ फेब्रुवारी, बुधवार

तपासनीसांना पहिली चाचणी पाठवली. आम्ही दोघं ज्या भाषेत लिहितो ती दोघांचीही उसनी आहे, त्यामुळे दोघंही फार सभ्य वाटतो. दुपारी चार वाजून दहा मिनिटांनी उत्तर आलं. पडद्याचं चित्र, त्यावर लाल गोल, खाली लिहिलेलं: "पान तिसरे, ओळ सातवी. हा शब्द आपण मधून कापलात. त्याला दुखले असेल."

मी एकटीच हसले. मग स्वयंपाकघरात जाऊन चहा ठेवला आणि परत येऊन तेच वाचलं. बहात्तर वर्षांचे आहेत म्हणे. वहीत मी त्यांना काका म्हणेन. समोर अर्थात 'महोदय'.

९ फेब्रुवारी, रविवार

भावाचा फोन. दर रविवारी अकराला येतो. मी 'हॅलो' म्हटलं तर घशातून भलताच आवाज निघाला.

"ताई, सर्दी झालीये का?"

"हो रे, जराशी."

सर्दी नव्हती. हिशेब केला तेव्हा कळलं की गुरुवारनंतर मी तोंडाने एक शब्द बोलले नव्हते. दुकानात मशीनपाशी आपणच वस्तू टेकवून बाहेर पडतो, लिफ्टमध्ये कोणी नव्हतं, काम सगळं लिहून. आई होती तेव्हा रोज सकाळी पाऊण तास पेपर वाचून दाखवावा लागायचा, डोळे गेले होते तिचे. निधनवार्तासुद्धा मोठ्याने. तेव्हा घसा दुखतो म्हणून मी कुरकुरायचे.

भाऊ म्हणाला, आमच्याकडे येऊन राहा. मी म्हटलं बघू. त्यालाही बघूच हवं होतं.

दुपारी वेळ जाईना म्हणून थाई अक्षरं काढून बसले. व्यंजनं चव्वेचाळीस. सुरुवात क आणि ख पासूनच होते, हे पाहून ओळखीचं कोणी भेटल्यासारखं वाटलं. स्वर मात्र मनाला येईल तिथे बसतात, कोणी डोक्यावर, कोणी पायाशी, कोणी आधीच येऊन उभा. सहा अक्षरं झाली. कामाला उपयोग होईल म्हणून शिकतेय, दुसरं काही नाही.

१२ फेब्रुवारी, बुधवार

शब्दकोश बसवला. प्रोग्रॅम सर्वांत लांब सापडणारा शब्द उचलतो आणि पुढे सरकतो. शंभरात एक्क्याण्णव. औषधांची नावं आली की त्याच्या नाकी नऊ येतात, कारण ती कोशात नाहीत. काकांनी आज एकवीस लाल गोल पाठवले आणि खाली: "आजचा दिवस रक्तरंजित."

१७ फेब्रुवारी, सोमवार

काकांशी पहिल्यांदा वाद. प्रोग्रॅमने एक ओळ कोशाप्रमाणे अगदी बरोबर तोडली होती, तरी त्यांचा लाल गोल. मी कळवलं की इथे दोन शब्दांमधली सीमा आहे, नियमात बसतं.

त्यांचं उत्तर लांबलचक आलं. थाईत नकार क्रियापदाच्या आधी येतो. तो नकार ओळीच्या शेवटी राहिला आणि बाकीचं खाली गेलं, तर खालची ओळ सुरू होते ती 'दुधाबरोबर घ्या' अशी. घाबरलेली आई तापलेल्या मुलाला मांडीवर घेऊन फोन बघत असते. तिची नजर ओळीच्या सुरुवातीला जाते. "नियमात बसते हे मान्य. तरी त्याला टोकाला एकटे सोडू नये, एवढी विनंती."

मी 'नोंद घेतली' असं कळवलं. नोंद घेतली म्हणजे पुढच्या महिन्यात बघू. टक्केसाहेबाच्या चाचणीत त्याला गुण नाहीत.

२० फेब्रुवारी, गुरुवार

आज मोठी मजल मारली. एक्क्याण्णववरून गाडी हलत नव्हती, कारण सापडलं. जुन्या पत्रकांमध्ये न दिसणारी चिन्हं पेरलेली निघाली. पडद्यावर ती उमटत नाहीत, जागाही घेत नाहीत, पण शब्दाला चिकटून बसतात आणि मग प्रोग्रॅमला तो शब्द कोशात सापडत नाही. एकेका पत्रकात शे-दोनशे. कुठल्या तरी जुन्या प्रोग्रॅमचा कचरा असणार. दोन ओळींची झाडू लिहिली आणि तीनशे चाळीस पत्रकांवरून फिरवली. चाळीस सेकंदांत लख्ख.

शंभरात अठ्ठ्याण्णव पूर्णांक सहा!

इतकं बरं वाटलं की आईच्या खोलीतलं कपाटही आवरून टाकावं असं मनात आलं. दारापर्यंत गेले. मग म्हटलं, आता संध्याकाळ झाली, उद्या बघू.

२१ फेब्रुवारी, शुक्रवार

टक्केसाहेब फोनवर अक्षरशः नाचला. "मॅडम, तुम्ही हिरा आहात! आज मी त्या तपासनीसांना पत्र टाकतो. एप्रिलपासून बंद."

मी म्हटलं, इतकी घाई नको, अजून थोड्या चाचण्या राहिल्यात. तो म्हणाला कुठल्या? मला पटकन एकही आठवेना. म्हटलं, लांब पत्रकांच्या. मग बसून खरोखरच लांब पत्रकांच्या चाचण्या लिहिल्या. काम चोख झालं पाहिजे, त्यात तडजोड नको.

२५ फेब्रुवारी, मंगळवार

झालेल्याच चाचण्या पुन्हा चालवल्या. तोच निकाल. दोन ओळी काकांकडे मत विचारायला पाठवल्या, खरं तर दोन्ही बरोबर होत्या. त्यांचं उत्तर रोज चार दहाला येतं, आज आलं नाही. साडेचारला नाही. मी घड्याळ बघत होते ते काम अडून राहतं म्हणून. पाचला एक ओळ आली: "दोन्ही उत्तम. आपल्याला आता माझी गरज नाही."

जेवले नाही. भूकच नव्हती.

२८ फेब्रुवारी, शुक्रवार

सकाळी काकांचं पत्र. काम बंद झाल्याचं कळलं, अकरा वर्षं सांभाळून घेतल्याबद्दल सगळ्यांचे आभार, वगैरे. शेवटी: "निरोप म्हणून जुनी पत्रके चाळत होतो. क्रमांक बारा उघडले. माझ्या खुणा दिसत नाहीत. क्रमांक तेराही तसेच. माझी चूक होत असेल. म्हातारा झालो."

पहिला विचार काय आला ते इथे तरी खरं लिहिते. न दिसणाऱ्या खुणा दिसत नाहीत म्हणतोय म्हातारा, असं म्हणून मी स्वतःशी फिसकन हसले होते. मग हसू तोंडावरच राहिलं.

तो कचरा नव्हता. त्या त्यांच्या खुणा होत्या, फक्त त्यांच्या तपासणीच्या पडद्यावर दिसणाऱ्या. 'इथे तोडली तर चालेल' याची एक, 'इथे कधी तोडू नका' याची दुसरी. अकरा वर्षं, तीनशे चाळीस पत्रकं, एकेक खूण हाताने ठेवलेली. ओळी आपोआप नीट येतात असं इथे सगळे समजत होते, मीसुद्धा. त्यांना विचारायचं माझ्या डोक्यातही आलं नाही.

जुनी प्रत शोधायला धावले. आम्ही सात दिवसांच्या प्रती ठेवतो. झाडू फिरवली त्याला आज आठ दिवस झाले. शेवटची चांगली प्रत काल पुसली गेली.

२ मार्च, रविवार

भावाचा फोन उचलला नाही. आंघोळीला गेले होते असं मग कळवलं.

दोन दिवस एकच गोष्ट डोक्यात. मी गप्प बसले तर कोणाला कळणार आहे? खुणा दिसत नव्हत्याच. चाचणी पास आहे. टक्केसाहेबाने वरती सांगून झालंय. काकांना 'आपली चूक होत असेल' असं कळवलं तर ते मान्य करतील. त्यांनी स्वतःच तशी वाट करून दिलीय. आणि एप्रिलनंतर आमचा संबंधच उरत नाही.

ते शेवटचं वाक्य लिहून मी वही मिटली होती. परत उघडली. मला लाज वाटतेय आणि त्याहून जास्त भीती वाटतेय, आणि कशाची ते मला सांगता येत नाही. नोकरीची असेल.

३ मार्च, सोमवार

काकांना फोन केला. पहिल्यांदाच. आवाज माझ्या कल्पनेपेक्षा खोल निघाला. मी आधी कागदावर लिहून ठेवलं होतं, तेच वाचलं: खुणा मी पुसल्या, कचरा समजून, आणि परत आणता येत नाहीत.

मला वाटलं फोन कटला.

मग ते म्हणाले, "आपण सांगितलंत हे बरं केलंत. मला वाटलं, माझं डोकं चाललं."

मी म्हटलं, पुन्हा घालता येतील का. तेव्हा त्यांनी सांगितलं. ते जन्मभर छापखान्यात होते. तिथे मुद्रितं दोघांनी तपासायची: एकाने मोठ्याने वाचायचं, दुसऱ्याने कागदावर बोट ठेवून बघायचं. त्यांची बायको तिथेच वाचायला बसायची, लग्नही त्यातूनच झालं. निवृत्तीनंतर आमचं काम आलं तेव्हा दोघांनी तीच पद्धत चालू ठेवली. ती वाचायची. ती जिथे श्वास घेई तिथे ते खूण करत. ती ज्या शब्दांच्या मध्ये कधीच थांबत नसे तिथे दुसरी खूण. "चार वर्षांपूर्वी ती गेली. त्यानंतरची थोडीच पत्रकं माझी. बाकी सगळे तिचे श्वास होते. मी कधीकधी एखादं उघडून तिच्या वेगाने वाचायचो."

मी हातातला कागद उलटा ठेवला.

"क्रमांक एकशे सव्वीस," ते म्हणाले, "मूत्रपिंडाच्या आजाराचं. तिला तेव्हा तोच निघाला होता. वाचताना एका ठिकाणी ती थांबली. वाक्य संपलं नव्हतं, थांबण्याची जागाच नव्हती. मी तिथे खूण केली. चुकीची खूण. अकरा वर्षांत तेवढी एक चूक मी माहीत असून ठेवली."

"कुठे होती ती?"

"आता नाही आठवत. पत्रकात होती, म्हणून लक्षात ठेवली नाही."

फोन ठेवल्यावर मी रडले, पुष्कळ रडले. आई गेली तेव्हा माणसं होती घरात, पाणी हवं का विचारायला, तेव्हा इतकं रडता आलं नव्हतं.

४ मार्च, मंगळवार

ऑफिसात जाऊन टक्केसाहेबाला सांगितलं. तो म्हणाला, "पण दिसत नव्हत्या ना त्या? मग कोणाला काय कळतंय?"

मी माझा फोन त्याच्यासमोर ठेवला. लहान मुलांच्या तापाचं पत्रक. नकार ओळीच्या टोकाला, खाली नवी ओळ 'रिकाम्या पोटी द्या' अशी सुरू. म्हटलं, काल रात्री बसून मोजलं. तीनशे चाळीस पत्रकांत अशा दोनशे बारा जागा आहेत. पूर्वी एकही नव्हती.

"दोनशे बारा म्हणजे एकूण ओळींच्या किती टक्के?"

"काढा तुम्हीच. तोवर एखाद्या आईने मुलाला औषध दिलेलं असेल."

त्याने फोन हातात घेतला. त्यालाही दोन वर्षांची मुलगी आहे. मग म्हणाला, हे बाहेर जाऊ देता येणार नाही. तीन महिने पुढे ढकललं. मला लेखी ताकीद मिळाली, ती रास्त आहे. काकांना कामावर ठेवायचं, खुणा पुन्हा घालून होईपर्यंत.

६ मार्च, गुरुवार

काका नको म्हणाले. रागावून नाही. "एकट्याने होत नाही ते. खूण करायला गेलो की वाचणं थांबतं. आणि तिचे श्वास मला आठवत नाहीत. मी प्रयत्न करून पाहिला."

मी एकदम म्हणून गेले, "तुम्ही वाचा. मी खुणा करते."

"आपल्याला वाचता येतं?"

"सव्वीस अक्षरं येतात. अठरा राहिलीत."

पहिल्यांदा त्यांचं हसणं ऐकलं. खोकल्यात संपलं ते. म्हणाले, मी हळू वाचीन.

१६ मार्च, रविवार

राहिलेली अठरा अक्षरं झाली. अर्थ एकाचाही लागत नाही, पण बोट ठेवून आवाजाच्या मागोमाग जाता येतं. उद्यापासून रोज दुपारी दोन तास, चार पत्रकं. बैठकीच्या खोलीत खाली गाड्यांचा आवाज फार, एक श्वाससुद्धा ऐकू यायचा नाही. घरात शांत खोली एकच आहे. दार उघडलं, पडदे काढून धुवायला टाकले, टेबल खिडकीशी नेलं. आईच्या खुर्चीवर पेपर तसाच होता, घडी घातलेला. भावाला सांगितलं तर म्हणाला, "बरं केलंस, ताई." आणि फोन लगेच ठेवला नाही.

१७ मार्च, सोमवार

दोन तासांत दोनच पत्रकं झाली. मी चारदा हरवले. हरवले की 'थांबा' म्हणायचं, ते ओळ पुन्हा वाचतात. त्यांचा श्वास आखूड आहे, त्यामुळे खुणा पुष्कळ पडल्या. म्हणाले, तिचा लांब होता, एका दमात अर्धं पान. मी विचारलं, मग या खुणा चालतील ना? "चालतील. ओळीला जागा जास्त मिळाल्या तर तिचं काही बिघडत नाही."

३ एप्रिल, गुरुवार

चार पत्रकं होतात आता रोज, कधी पाच. आज मध्येच त्यांनी विचारलं, आपण जेवलात का? मी म्हटलं हो. जेवले नव्हते. संपल्यावर डाळ-भात लावला, उद्या खोटं बोलायला लागू नये म्हणून.

२९ एप्रिल, मंगळवार

आज एकशे सव्वीस होतं. आदल्या दिवशीच आम्हा दोघांना माहीत होतं. मी प्रोग्रॅम शेजारी उघडून ठेवला होता, तो त्याच्या मते ओळ तोडता येईल अशा जागा पिवळ्या करून दाखवतो.

काकांनी सुरुवात केली. नेहमीसारखंच, एकेक ओळ सावकाश. पहिलं पान झालं. दुसऱ्या पानावर, नवव्या ओळीत, ते थांबले. पिवळं काही नव्हतं तिथे. ज्या दोन शब्दांना कधी वेगळं करायचं नाही असं त्यांनीच मला शिकवलं होतं, त्यांच्या बरोबर मध्ये थांबले. श्वासही ऐकू येईना. पलीकडे कुठेतरी घड्याळ होतं, तेवढं ऐकू येत होतं.

मी खूण केली.

खूप वेळाने ते म्हणाले, "केलीत?"

"केली."

"चुकीची आहे ती."

"ठाऊक आहे मला," मी म्हटलं.

त्यांनी घसा साफ केला आणि पुढचा शब्द वाचला. मी बोट ओळीवर ठेवलं.